फिर्यादीलाच आत टाकू नका

कोल्हापूरच्या उद्यमनगरात वाढलेल्या माणसाला आवाज वेगळा शिकवावा लागत नाही. शेजारच्या शेडमधल्या लेथचा पट्टा सैल पडला, तरी आम्हाला चहा पिता पिता कळायचं. आता गाडी बिघडली की पोरं आधी स्कॅनर लावतात, ईसीयूनं म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेला बिघाडाचा कोड वाचायला. लावा की, लावलाच पाहिजे. पण स्कॅनरवरचा कोड ही नुसती फिर्याद असते. ती देतो सेन्सर, आणि आपण त्या फिर्यादीलाच धरून आत टाकतो.

मीही टाकलाय. एका सरांची पेट्रोल गाडी होती, कोड पी ०१७१. म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. मी एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर बदलून मोकळा झालो. चार दिवसांनी सर परत दारात, इंजिनचा दिवा पेटलेलाच. जुना सेन्सर बिचारा खरं सांगत होता. इनटेकमागची व्हॅक्यूमची नळी चिरली होती आणि न मोजलेली हवा आत शिरत होती. फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय तो आकडा, बघितला असता तर तिथंच उमगलं असतं. आत येणारी हवा मोजणाऱ्या एअर फ्लो सेन्सरवाल्या गाडीत ट्रिम आयडलला, म्हणजे रेस न देता, अधिक २० टक्के आणि रेस केल्यावर खाली येत असेल, तर हवा गळतेय. रेस केल्यावर चढत गेला, तर पेट्रोल पंप, फिल्टर बघा. सरांचे पैसे परत दिले, ते सोडा.

दुसरं, वायर. उसाच्या रानाकडेला लावलेल्या गाडीत उंदीर शिरतात, वायरी कुरतडतात. मे महिन्यातल्या कोल्हापुरात कूलंटचं तापमान उणे ४० दाखवत असेल, तर सेन्सरच्या आधी सॉकेट आणि वायर तपासा. मीटरवर ५ व्होल्ट येतात का, अर्थिंग धड आहे का, एवढं बघायला पाच मिनिटं लागतात.

आता आवाज. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाच्या हेडवर, मूठ कानामागच्या हाडाला. पट्टा, पंखा सांभाळून हं! टॅपेटची, म्हणजे वरच्या व्हॉल्व्हकडची, टकटक हलकी असते आणि क्रँकच्या निम्म्या गतीनं येते, कारण व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्टच निम्मा फिरतो. खालून जड ठकठक येतेय, लोड आला की वाढतेय, तर बिग एंड बेअरिंग, म्हणजे कनेक्टिंग रॉडचं क्रँकवरचं बेअरिंग. एकेका इंजेक्टरचं सॉकेट काढा. ज्याचं काढल्यावर आवाज कमी झाला, तो सिलिंडर. गार असताना टिकटिक आणि तापल्यावर गप्प, तर आधी एक्झॉस्टच्या गॅस्केटजवळ काजळी शोधा. धातू फुगला की फट मिटते.

इंजिनालाही स्वतःचा कान असतो, नॉक सेन्सर. ब्लॉकचा थरकाप त्याला कळला की ईसीयू स्पार्क मागं घेतो, म्हणजे उशिरा देतो, आणि ताकद घटते. करूळ घाटात गाडी ओढत नाही म्हणून आली, तर त्याचा बोल्ट कुणी ढिला नाहीतर जास्त आवळून तर ठेवला नाही, हे बघा. बऱ्याच गाड्यांत तो साधारण २० न्यूटन मीटरला कसतात. टॉर्क रेंच कुणाकुणाकडं आहे? हात वर करा बघू.