साडेआठला काय लावायचं?

[दृश्य: राजेंद्र नगर, इंदूर. संध्याकाळ. गॅलरीतले वाळलेले कपडे गोळा करणारे हात. आतून टीव्हीचा आवाज.]

दिवेलागण झाली की आमच्या घरात दोन आवाज एकदम सुरू होतात. देवघरातून आजीची रामरक्षा आणि बाहेरच्या खोलीतून टीव्ही. रामरक्षेची वेळ माझ्या आठवणीत कधी बदलली नाही. सात ते साडेदहा टीव्हीवर काय लागणार, हे मात्र दर काही महिन्यांनी नव्याने ठरतं, आणि ठरायला आमच्याकडे पंधरा दिवस लागतात.

[दृश्य: भिंतीवरचं कालनिर्णय. एका सोमवारच्या चौकोनात पेन्सिलीने लिहिलेलं: ‘८.३० नवी’. खाली आणखी एक: ‘८.३० – ही पण’.]

मराठी मालिकांना ठरलेला मोसम नसतो. चालते तोवर मालिका चालते. ‘चार दिवस सासूचे’ २००१मध्ये सुरू झाली ती २०१३पर्यंत, तीन हजारांहून जास्त भाग. ‘रात्रीस खेळ चाले’सारखी थांबून, पुन्हा येऊन तीन पर्वं करणारी मालिका विरळाच. त्यामुळे दोन-तीन जुन्या मालिका लागोपाठ संपल्या आणि प्रोमो दिसायला लागले की आई म्हणते, “आला नवा हंगाम.” आंब्याबद्दल बोलावं तसं म्हणते.

मग कालनिर्णयावर पेन्सिलीने नोंदी होतात. पेन्सिलीने, कारण अजून काही पक्कं नसतं.

निवड नीट करावी लागते, कारण वेळ मोजका आहे. रोजचा अर्धा तास, आठवड्यातून सहा दिवस, म्हणजे एक मालिका धरली की आठवड्याचे तीन तास तिचे. तीन मालिका धरल्या तर नऊ. घरात टीव्ही एक आणि माझा भाचा आठ वर्षांचा. त्याचा अभ्यास त्याच खोलीत चालतो.

आणि पैशांचा हिशोब असतोच. १ फेब्रुवारी २०१९पासून वाहिन्या आपण निवडून घ्यायच्या, असा नियम आला. तेव्हा पहिल्या शंभर वाहिन्यांचे १३० रुपये आणि कर, त्यावर प्रत्येक सशुल्क वाहिनीची वेगळी किंमत, असं होतं. आई-बाबा वही घेऊन बसले होते. केबलवाल्याने आणलेल्या तयार पॅकमध्ये सशुल्क मराठी वाहिनी एकही नव्हती. आईने विचारलं तर म्हणाला, “मैडम, मराठी यहाँ कौन देखता है?”

२०११च्या जनगणनेत मध्य प्रदेशात बारा लाखांहून जास्त लोकांनी मराठी ही आपली मातृभाषा सांगितली आहे. होळकरांच्या या गावात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या आईला तो प्रश्न लागला. तिने पॅक परत केलं आणि एकेक वाहिनी नाव घेऊन लिहायला लावली. दोन हिंदी वाहिन्या त्यासाठी कमी केल्या.

[दृश्य: जुना फोटो. बैठकीच्या खोलीत जमिनीवर बसलेली दहा-बारा माणसं, सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला.]

हा फोटो काकांच्या घरचा. १९९९च्या ऑगस्टमध्ये अल्फा मराठी, म्हणजे आजची झी मराठी, सुरू झाली, आणि आमच्या नात्यात ती पहिल्यांदा काकांकडे दिसायला लागली. ‘आभाळमाया’ बघायला आई, आत्या, शेजारच्या काकू सगळ्या तिकडे जायच्या. त्याआधी मराठी ऐकायची ती घरच्यांची, नाटकातली आणि उन्हाळ्यात पुण्याहून आलेल्या मावशीची. आई सांगते, “गोष्टीचं नंतर गं. परक्या बायका आपल्या भाषेत बोलतायत, हेच किती दिवस नवल वाटायचं.”

पण आमच्या घरात ज्या मालिकेने सगळ्यात खोल घर केलं, ती २०१६मध्ये आलेली ‘माझ्या नवऱ्याची बायको’. अनिता दाते यांनी केलेली राधिका नागपूरची, आणि तिचं बोलणंही नागपुरी वळणाचं. आता हे इंदूरबाहेरच्यांना सांगायला हवं. आम्ही इथे ‘काय करून राहिलास’, ‘तो येऊन राहिला’ असं बोलतो. पाहुण्यांना त्याचं हसू येतं. माझी आत्या लग्न होऊन पुण्याला गेली आणि महिन्याभरात हे सगळं टाकून बोलायला शिकली. माहेरी आली तरी तशीच जपून बोलायची. आजीला ते कधी आवडलं नाही, पण ती कधी बोललीही नाही.

राधिका आली आणि नायिका असून याच वळणाचं बोलायला लागली. बिनधास्त, मान वर करून. पहिल्या आठवड्यात आजीने देवघरातून उठून येऊन विचारलं, “ही कोण? आपल्यासारखी बोलून राहिली.” त्या दिवाळीत आत्या आली तेव्हा दोघी मायलेकी शेजारी बसून ती मालिका बघत होत्या. जाताना आत्या दारात म्हणाली, “आई, येऊन राहिले गं पुन्हा फेब्रुवारीत.” मी तिथे उभी होते. आजीने डोळे पुसले.

पुढे ती गोष्ट फार ताणली गेली, असं माझं स्पष्ट मत आहे. तरी २०२१मध्ये संपेपर्यंत आमच्याकडे ती लागत राहिली.

[दृश्य: स्वयंपाकघर. पोळी लाटणारे हात. टीव्ही भिंतीपलीकडे, फक्त आवाज येतो.]

आमच्याकडे मालिका निवडली जाते ती इथून. साडेआठला आई पोळ्या करत असते, तिला पडदा दिसत नाही. साड्या, वाडे, गाड्या यांचा तिच्यावर काही परिणाम होत नाही. तिच्यापर्यंत पोचतात ते संवाद. पार्श्वसंगीताने बोलणं बुडवलं, तर ती मालिका तिथेच मागे पडते. सुनेने ‘मी तुझी मदत करेन’ म्हटलं की आजी मान हलवते. ‘तुला मदत करेन’ हवं.

मी एकदा तिला म्हटलं, “आजी, आपलं ‘करून राहिलो’ पण हिंदीच्याच वळणाचं की.” तिने थोडा विचार केला. म्हणाली, “ते माझ्या आजीचं बोलणं आहे. हे कुणाच्या आजीचं आहे?”

या प्रश्नाला मी खूप दिवस उत्तर शोधलं. एक बोली माणसं जिथे राहिली तिथे मुरत मुरत तयार झाली; दुसरी घाईत हिंदीवरून उतरवून काढलेली. कानाला हा फरक कळतो, आणि आठ वर्षांच्या मुलाच्या कानाला तो कळायलाच हवा. भाच्याची शाळा इंग्रजी, मैदानावर हिंदी. मराठी तो घरातल्या चौघांकडून ऐकतो, आणि या खोलीतून. ‘वेंधळा’ हा शब्द त्याने एका मालिकेतून उचलला. आता दिवसातून पाच वेळा मलाच म्हणतो.

एक दुःख मात्र सांगायलाच हवं. मालिका टिकणार की जाणार, हे दर गुरुवारी येणाऱ्या बार्कच्या, म्हणजे टीव्हीवर काय किती बघितलं जातं ते मोजणाऱ्या संस्थेच्या, आकड्यांवर बरंचसं ठरतं. देशभरात पंचावन्न हजारांहून जास्त घरांत त्यांचे मीटर आहेत. पण दर आठवड्याला मराठी वाहिन्यांची जी क्रमवारी जाहीर होते, ती महाराष्ट्र आणि गोवा या बाजाराची. आम्ही इंदुरात एखादी मालिका कितीही जीव लावून पाहिली, तरी त्या क्रमवारीत आमची गणती नाही. आवडती मालिका अर्ध्यात गुंडाळली जाते, तेव्हा आईचा चेहरा बघवत नाही.

नाटकाचं तसं नाही. इथला सानंद न्यास वर्षभराची मराठी नाटकं आणतो. रामूभैया दाते, राहुल बारपुते, मामा मुजुमदार, वसंत आणि बहार अशा नावांच्या प्रेक्षकांच्या पाच गटांसाठी पाच प्रयोग, खंडवा रोडवरच्या विद्यापीठाच्या सभागृहात. तिथे आजीची टाळी थेट नटापर्यंत पोचते. नाटक संपल्यावर नट इंदूरच्या प्रेक्षकांचं कौतुक करतात, आणि आजी पुढचे चार दिवस ते सांगत असते.

[दृश्य: सोमवार. रात्रीचे ८.२९. भाच्याच्या हातात रिमोट.]

एकाच वेळी दोन नव्या मालिका. एक आज थेट, दुसरी उद्या सकाळी फोनवर, असं ठरलं. दुसरी तीन दिवसांतच सुटली. पहिली कुणाला आवडली की नाही, ते कुणीच बोलेना. आठवडा गेला.

दुसऱ्या बुधवारी दोन बहिणींचं भांडण चाललं होतं. संगीत नाही, नुसतं बोलणं. स्वयंपाकघरातला लाटण्याचा आवाज थांबला.

“काय म्हणाली रे ती?” आईने आतून विचारलं. “जरा आवाज वाढव.”

आजी उठली. भाच्याच्या दप्तरातून पेन काढून कालनिर्णयाकडे गेली, आणि पेन्सिलीच्या नोंदीवरून सावकाश निळी शाई फिरवली.