टाक, दौत आणि प्राजक्त

नमस्कार श्रोतेहो. डोळे मिटून सांगा पाहू, प्राजक्ताला पाकळ्या किती? मी इतकी वर्षं चित्रात बिनदिक्कत पाच काढत आलो. मग भाद्रपदातल्या एका सकाळी ओंजळभर फुलं ताटलीत घेतली, शाईची दौत उघडली आणि मोजायला बसलो. सहा, सात, परत सहा. एखाद्यालाच पाच, आणि एकाला चक्क आठ! आईला दाखवलं. म्हणाली, "अरे, चाळीस वर्षं देवाला वाहतेय, पण मोजल्या कुणी?"

पाकळीही साधी नाही. टोकाला खाच, आणि सगळ्या एकाच बाजूला मुरडलेल्या, जत्रेतल्या भिरभिऱ्यासारख्या. हातात पेन्सिल असती तर खोडरबराच्या भरवशावर पाच पाकळ्या काढून मोकळा झालो असतो. शाईला तसं चालत नाही. रेघ कुठून निघणार, कुठे थांबणार, हे टाक टेकवण्याआधीच ठरवावं लागतं. त्यामुळे काढणं थोडं, बघत बसणंच फार.

त्यात फूल पांढरं, शाई काळी. पाकळीभोवती ठसठशीत रेघ ओढली की फूल पत्र्यातून कापल्यासारखं दिसतं. माझे कितीतरी कागद यातच गेले. उपाय असा, की फूल कोरं सोडायचं आणि मागचं पान गडद करायचं. प्राजक्ताचं पान पॉलिश पेपरसारखं खरखरीत. त्यावर बारीक ठिपके देत गेलं, की खरखर कागदावर उतरते आणि फूल आपसूक उजळतं. देठाचा केशरी रंग मात्र काळ्या शाईत येत नाही, तो नाद मी सोडला. आणि देठ तरी कसला? नखाने उभा चिरून बघा, पाकळ्याच खाली जुळून झालेली ती नळी आहे.

हे झाड काळ्या रेघांत फार पूर्वी उतरलंय. १६७८ साली ॲमस्टरडॅमला छापलेल्या 'हॉर्टस मलबारिकस' या मलबारच्या वनस्पतींवरच्या सचित्र ग्रंथाच्या पहिल्या खंडात प्राजक्त आहे. त्याच खंडात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन वैद्यांचं कोकणी प्रशस्तिपत्र देवनागरीत छापलंय. आपली अक्षरं इतक्या लवकर तिकडे छापली गेली, याचं मला चित्रांहून जास्त अप्रूप वाटतं.

बसायचं ते सकाळी लवकर. ऊन चढलं की पाकळ्या कडेने आत वळतात, आणि अर्धं चित्र एका फुलाचं, अर्धं दुसऱ्याचं होतं.

हल्ली वेचताना आठ पाकळ्यांचं फूल मिळालं, की आई ते परडीत न टाकता माझ्या ताटलीत आणून ठेवते.