काचपट्टीवरचा समुद्रतळ (माहितीपटाचे निवेदन)

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील या मराठी शाळेत सूक्ष्मदर्शक एकच आहे आणि त्यापुढे आज सातवीच्या मुलांची रांग लागली आहे. काचपट्टीवर समुद्रतळाच्या गाळाची चिमूटभर करडी भुकटी आहे. भिंगाला डोळा लावलेली मुलगी म्हणते, ‘सर, ह्या जोंधळ्याच्या लाह्याच की ओ!’

उपमा अचूक आहे. फुगीर कप्पे एकमेकांना चिकटून झालेले हे कवच ग्लोबिजेरिना या एकपेशीय जीवाचे असून त्याचा आकार एका मिलिमीटरहून कमी असतो. समुद्राच्या वरच्या थरात तरंगणारे असे जीव मेले की त्यांची कॅल्शियम कार्बोनेटची, म्हणजे चुन्याची, कवचे तळाकडे निघतात. त्यांच्याहूनही कितीतरी सूक्ष्म असलेल्या कॉकोलिथ, म्हणजे एकपेशीय शैवालांवरच्या चुन्याच्या चकत्या, सुट्या बुडायच्या तर वर्षे लागतील; परंतु ती शैवाले खाणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेच्या गोळ्यांतून त्या लवकर खाली पोहोचतात. (हे ऐकून वर्गात पिकलेला हशा आम्ही मुद्दाम कापलेला नाही.) ज्या गाळात अशा अवशेषांचे प्रमाण किमान ३० टक्के असते, त्याला सिंधुपंक म्हणतात. हजार वर्षांत त्याचा थर जेमतेम काही सेंटिमीटर वाढतो.

आता दिसणाऱ्या नक्षीदार डब्या करंडक वनस्पतींच्या, म्हणजे डायाटम या एकपेशीय शैवालांच्या आहेत. त्यांचे कवच सिलिकाचे, म्हणजे काचेतल्या मुख्य घटकाचे, असते. साधारणपणे ४ ते ५ किलोमीटर खोलीच्या खाली, थंड आणि प्रचंड दाबाच्या पाण्यात, चुन्याची कवचे विरघळून जातात, सिलिकाची मात्र बरीचशी टिकतात. म्हणूनच मध्य हिंदी महासागराच्या खोल खोऱ्यात सिलिकायुक्त सिंधुपंक आढळतो.

चोर्ला घाटात कोसळणाऱ्या या पावसाचेही त्या गाळाशी नाते आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे ओमानच्या किनाऱ्यालगतचे पाणी दूर लोटतात, तेव्हा खालचे थंड, पोषक पाणी वर येते आणि ग्लोबिजेरिना बुलॉइडिस ही जात झपाट्याने वाढते. तळातून नळीने काढलेल्या गाळाच्या कोणत्या थरात तिची किती कवचे आहेत, हे मोजून हजारो वर्षांपूर्वीच्या मोसमी वाऱ्यांचा जोर अजमावता येतो. समुद्रतळाच्या अशा गाळाचा अभ्यास करणारी, १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था घाटापलीकडेच, गोव्यात दोनापावला येथे आहे.

हवेतील वाढत्या कार्बन डायऑक्साइडमुळे समुद्राचे पाणी अधिक आम्लधर्मी होत असून चुन्याची कवचे बांधणे अनेक जीवांना जड जात आहे.

मधल्या सुट्टीची घंटा झाली आहे. रांगेत अजून अकरा मुले उभी आहेत.