जिन्याची पहिली पायरी मोजून बघा! गवंडीकामातलं गणित

नमस्कार मंडळी! आज एक काम करा. घरच्या जिन्याची पहिली पायरी टेपने मोजा, मग दुसरी. दोन्हींची उंची बहुधा सारखीच भरेल. पण मिस्त्रीने त्या मुळात सारख्या बांधलेल्याच नव्हत्या!

कसं ते सांगतो. समजा, दोन मजल्यांत 10 फूट अंतर आहे, म्हणजे 120 इंच. 6 इंचांचा एक चढ, म्हणजे एका पायरीची उंची, धरला तर झाले 20 चढ. पायऱ्या मात्र 19च, कारण विसावा चढ थेट वरच्या स्लॅबवर नेतो. इथवर शाळेतलं गणित.

खरी मेख पुढे आहे. जिना बांधताना फरशी बसलेली नसते. नंतर खोलीत माल (सिमेंट-वाळूचं मिश्रण) आणि फरशी मिळून, समजा, 3 इंच चढणार आणि पायरीवर फक्त दीड. मग सहाची बांधलेली पहिली पायरी साडेचारचीच उरेल. म्हणून मिस्त्री ती साडेसातची बांधतो आणि अगदी वरचा चढ साडेचारचा ठेवतो. फरशी बसली की सगळे चढ बरोब्बर सहाचे! हा हिशोब चुकला तर काय होतं? पहिल्या दोन पायऱ्यांत आपला पाय माप पकडतो, आणि मध्येच फरक आला की ठेच ठरलेली.

घराच्या पायाची आखणीही तशीच. काटकोन तपासायचा लोखंडी गुण्या एवढ्या लांबीला पुरत नाही. मग कोपऱ्यापासून एका दोरीवर 3 फूट, दुसरीवर 4, आणि त्या दोन खुणांमधलं तिरकं माप 5 आलं की कोपरा काटकोनात.

हे शिकवतं कोण? बहुतेकदा कोणी बसवून शिकवत नाही. बिगारी माल कालवतो, वाळू ओली असली की 'पाणी कमी मार' एवढंच ऐकतो, आणि बघत राहतो. किमान वेतनाच्या तक्त्यात मात्र तो 'अकुशल'. अहो, ओली वाळू हाताने ओळखून पाण्याचा अंदाज बदलणारा माणूस अकुशल कसा?

आणि बायका? त्याच साइटवर त्या वर्षानुवर्षं घमेली उचलतात, माल कालवतात, सगळं बघतात. बरोबरचा पोरगा थापी धरून मिस्त्री होतो, बाई बहुतेकदा बिगारीच राहते. डोकं कमी पडतं म्हणून नव्हे, थापी कोणी हातात देत नाही म्हणून.

तुमच्या गावात एखादी बाई मिस्त्री आहे का? असेल तर कमेंटमध्ये लिहा, आणि ती काम शिकली कोणाकडे, तेही सांगा.