आधी अंगणात, मग गाडीत

(दृश्य: कोल्हापुरातल्या कसबा बावड्यातलं एक अंगण. सकाळची वेळ. फरशीवर खडूनं आखलेला लांबट चौकोन.)

फरशीवर आडवी झालेली ही माझी आई. डोक्याखाली उशी, अंगावर चादर, आणि चारी बाजूंनी खडूची रेघ. ही रेघ म्हणजे तिचा पलंग. 5 फूट 8 इंच लांब, 2 फूट रुंद. आई कूस बदलते. कोपर रेघेबाहेर जातंय का, ते आबा, म्हणजे माझे वडील, वाकून बघतात. मग हात देऊन तिला उठवतात. उठताना तिचा दुखरा गुडघा कुठल्या बाजूला वळतो, तेही वहीत लिहून ठेवतात.

आबा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या प्रवासाच्या गाड्या दुरुस्त केल्या, आता आपला प्रवास करायचा म्हणाले. एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली. आत झोपायचं, आत रांधायचं, आणि वाटेल तिथं दोन दिवस थांबायचं. गाडी दारात येऊन तीन महिने झाले, पण अजून एकही स्क्रू पिळलेला नाही. या तीन महिन्यांत आम्ही फक्त मोजलं, आखलं, पुसलं आणि पुन्हा आखलं. ही गोष्ट त्याचीच आहे.

(दृश्य: गाडीच्या आत टेप धरलेले दोन हात.)

ड्रायव्हरच्या सीटमागून मागच्या दारापर्यंत 10 फूट 4 इंच. पलंगाच्या उंचीला, पत्र्यापासून पत्र्यापर्यंत 5 फूट 8 इंच. आतून उष्णतारोधक थर आणि पातळ प्लाय लावला की दोन्हीकडून एकेक इंच जातो. उरतात 5 फूट 6 इंच.

आणि आबांची उंची 5 फूट 9 इंच.

आमचा पहिला आराखडा इथंच मोडला. कागदावर आम्ही मागच्या बाजूला आडवा पलंग काढला होता. मोबाइलवर पाहिलेल्या बहुतेक गाड्यांत तसाच होता, दिसायलाही छान. पण युरोपातली फियाट ड्युकाटोसारखी व्हॅन आतून 1.87 मीटर रुंद असते, म्हणजे सहा फुटांपेक्षा जास्त. तिथं माणूस आडवा मावतो. आपल्या ट्रॅव्हलरमध्ये आबांना रोज रात्री गुडघे दुमडून झोपावं लागलं असतं. कागदावर हे कळलं नाही, कारण कागदावरचा माणूस झोपत नाही. अंगणात आबा आडवे झाले आणि टाचा रेघेबाहेर गेल्या, तेव्हा कळलं.

मग पलंग गाडीच्या लांबीच्या दिशेनं ठेवून बघितला. दोघांना मिळून 4 फूट रुंदीचा. त्यात आईचा प्रश्न निघाला. तिला रात्री दोनदा उठावं लागतं.

"मी भिंतीकडं झोपलो तर ह्यांच्या अंगावरनं जायचं व्हय रोज?"

बरोबर होतं. आणि आबा भिंतीकडं झोपले तर पहाटे चारला उठणाऱ्या आबांनी तिच्यावरून जायचं. म्हणून एक पलंग रद्द झाला आणि दोन बाक आले. डावीकडं एक, उजवीकडं एक, रेल्वेच्या बर्थसारखे. 24 इंच बाक, 18 इंच वाट, 24 इंच बाक. बेरीज 66 इंच, म्हणजे बरोबर 5 फूट 6 इंच. ही बेरीज जुळली तेव्हा आबांनी अंगणातच टाळी वाजवली.

(दृश्य: मार्केट यार्डातून आणलेले गुळाचे रिकामे खोके एकावर एक रचले जातात.)

रेघेनं लांबी-रुंदी कळते, उंची कळत नाही. उंचीसाठी मार्केट यार्डातून गुळाचे पुठ्ठ्याचे रिकामे खोके आणले. पलंग, ओटा, कपाट, सगळं खोक्यांचं. दोन बांबूंना सुतळी बांधून गाडीच्या भिंती केल्या. आणि आईला म्हटलं, आता इथं दिवस काढ.

तिनं नाटक केलं नाही. परात आणली, पीठ घेतलं, आणि आपल्या बाकाच्या टोकाला बसून खरोखर भाकरी थापायला लागली. तिसऱ्या भाकरीला खोका दबला, ते जाऊ द्या. पण थापताना तिचं डावं कोपर दर वेळी सुतळीला लागत होतं. खऱ्या गाडीत तिथं भिंत असणार. आराखड्यात ओटा 32 इंच उंच होता. उभ्यानं फोडणी घालायला ते ठीक. पण बसून थापायला ओटा उंच पडत होता, आणि गुडघ्यामुळे तिला उभं राहून भाकरी जमत नाही. 

मग ओट्याखालून वाटेच्या बाजूला बाहेर ओढायची फळी आली. जमिनीपासून 26 इंचांवर, 18 इंच रुंद, म्हणजे घरातली 16 इंची परात सुखानं बसते आणि कोपर मोकळं राहतं. मी तीन आराखडे कॉम्प्युटरवर काढले होते. त्यातल्या एकातही ही फळी नव्हती. मला भाकरी थापता येत नाही, हे त्याचं खरं कारण.

ओटा मागच्या दारात असावा, असं सुतारमामांचं म्हणणं होतं. दार उघडायचं, बाहेर उभं राहून रांधायचं. उन्हाळ्यात झकास. पण आमचं जाणं गगनबावड्याला, दाजीपूरला, आंबोलीला. तिथल्या पावसाची झड आडवी येते, उघडं दार म्हणजे भिजलेली कणीक. म्हणून ओटा डावीकडं, सरकत्या दाराला लागून. दार अर्धं उघडलं तरी फोडणीचा ठसका बाहेर जातो आणि गाद्यांना वास लागत नाही. आपल्या स्वयंपाकात मिरची आणि लसूण आहे, पाव भाजून खाणाऱ्यांचा आराखडा आपल्याला चालणार नाही.

आता डावी बाजू बघा. दार 32 इंच, ओटा 24 इंच, आईचा बाक 68 इंच. एकूण 124, म्हणजे 10 फूट 4 इंच. आई 5 फूट 1 इंच, तिला हा बाक पुरून उरतो. उजवी बाजू: ड्रायव्हरच्या मागं एक मूळची सीट 30 इंच, आबांचा बाक 74 इंच, आणि मागच्या कोपऱ्यात 20 इंच. पुन्हा 124.

ती सीट माझ्यासाठी. ती मूळच्या जागी, मूळच्या बोल्टवर, पुढं तोंड करून, पट्ट्यासह राहणार. चालत्या गाडीत या बाकांवर कुणी बसायचं नाही, हा आबांचा नियम आहे, आणि त्यावर चर्चा होत नाही.

मागच्या कोपऱ्यातल्या 20 इंचांबद्दल लोक बोलायला संकोचतात, म्हणून मी थांबून बोलते. तिथं शौचालयाची हलवता येणारी पेटी आहे. प्रवासात बायका पाणी कमी पितात. आईसुद्धा. कोल्हापूर ते नाशिक ती अर्ध्या बाटलीवर काढते, कारण वाटेत कुठं जायचं, हा प्रश्न. आराखड्यात जागा कमी पडली की पहिल्यांदा याच कोपऱ्यावर फुली मारली जाते, कपाट करू म्हणतात. आम्ही कपाट सोडलं. पेटी 16 इंच उंच आहे, आईच्या गुडघ्याला 18 लागतात, म्हणून खाली 2 इंचाचा पाट. उठायला समोर दांडी. पडदा, दिवा, छोटा पंखा. तिच्या बाकावरून चार पावलं, कुणाला न ओलांडता.

(दृश्य: वजनकाटा. ट्रॅव्हलरची फक्त पुढची चाकं काट्यावर.)

आबांना मात्र जागेपेक्षा वजनाची काळजी. आमच्या भागात उसाच्या दिवसांत हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं: मागच्या ट्रॉलीत ज्यादा ऊस भरला की चढाला ट्रॅक्टरचं तोंड उचलतं. "तेच हिथं," आबा म्हणाले, "फक्त डोळ्याला दिसत न्हाई." मला पटेना. मग ते मला वजनकाट्यावर घेऊन गेले.

आधी रिकाम्या गाडीच्या पुढच्या चाकांचं वजन घेतलं. मग 10 किलोच्या 12 गुळाच्या ढेपा मागच्या दाराशी ठेवल्या, मागच्या चाकांच्या मध्यापासून साधारण पावणेतीन फूट मागं. गाडीत 120 किलो वाढले, आणि पुढच्या चाकांवरचं वजन 30 किलोनं कमी झालं. म्हणजे मागच्या चाकांवर 120 ऐवजी 150 चा भार. आमच्या गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, 3350 मिलिमीटर, म्हणजे 11 फूट. पावणेतीन भागिले अकरा, पाव. 120 चा पाव 30. हिशोब शाळेतल्या तरफेचा, पण गाडी वळवणारी चाकं पुढची असतात. घाटातल्या वळणावर, ओल्या रस्त्यावर, ते 30 किलो पुढंच पाहिजेत.

त्याच ढेपा मधल्या वाटेत, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये आणून ठेवल्या. भार पुढं-मागं वाटला गेला. त्या दिवशी आराखड्यातली पाण्याची टाकी मागून उठून आबांच्या बाकाखाली, चाकाच्या उंचवट्याच्या पुढं आली. 60 लिटर म्हणजे 60 किलो. ती उजवीकडं, म्हणून ओटा, गॅस आणि बॅटरी डावीकडं. वरच्या कपाटांत फक्त कपडे आणि पांघरुणं. डबे, तवा, तांदूळ खाली.

वजनाचा दुसरा धडा प्लायचा. एका ठिकाणी आम्हाला घरच्या मॉड्युलर किचनसारखा खर्च काढून दिला होता. सगळं 18 एमएम, दोन्ही बाजूंनी मायका. आठ-बाय-चारचं 18 एमएमचं एक शीट 30 ते 35 किलो भरतं. दहा शीटं लागणार होती. म्हणजे चार-पाच माणसं कायमची बसवून फिरायचं. उद्यमनगरातल्या फॅब्रिकेशनवाल्यानं मार्ग काढला. सांगाडा अॅल्युमिनियमच्या चौकोनी पाइपचा, त्यावर 9 एमएमचा प्लाय. ताकद पाइपची, प्लाय फक्त झाकायला. बाकांवर अखंड प्लाय नाही, पट्ट्या. पावसाळी रात्री श्वासाची वाफ गार पत्र्यावर धरते, गादीखाली हवा फिरली नाही तर आठवड्यात बुरशी येते.

विजेचं थोडक्यात सांगते. 12 व्होल्टची (नेमकं सांगायचं तर 12.8) 100 अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी म्हणजे जवळपास 1.28 युनिट. दिवे, पंखे, मोबाइल, छोटा फ्रिज यांना पुरते. इंडक्शनला नाही. 1800 वॉटची शेगडी 12 व्होल्टवर 150 अँपिअर ओढते, बोटाएवढ्या जाड वायरी घालाव्या लागतील. म्हणून 5 किलोचा गॅस. आणि गॅस आला की एक गोष्ट आराखड्यात आधीच ठरवायला हवी. एलपीजी हवेपेक्षा जड. गळला तर वर जात नाही, जमिनीवर साचतो, नेमका झोपलेल्या माणसाच्या पातळीला. म्हणून सिलिंडर बाकाखाली कधीच ठेवायचा नाही. ओट्याच्या खाली त्याची स्वतंत्र पेटी, गाडीच्या आतल्या बाजूनं पूर्ण बंद, आणि तळाला गाडीखाली उघडणारी जाळी.

पण जाळी म्हणजे गाडीच्या तळाला भोक. सीटा काढणं म्हणजे नोंदणी पुस्तकातली आसनसंख्या बदलणं. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी नोंदणीचा तपशील जुळणार नाही, असा बदल मालकाला आपल्या मनानं करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हे स्पष्ट केलं. "आधी आरटीओ, मग करवत," असं आबा पहिल्या दिवसापासून म्हणतायत. मला घाई होती, मी दोनदा भांडले. आज बरं वाटतं की त्यांनी ऐकलं नाही. विम्याचा दावा करायची वेळ आली तर कागदावरची गाडी आणि रस्त्यावरची गाडी एकच असायला हवी. आमचा आराखडा मोजमापांसह तिकडं गेलाय. परवानगी येईपर्यंत ट्रॅव्हलरच्या सगळ्या सीटा जागच्या जागी आहेत.

(दृश्य: संध्याकाळ. अंगणात वळवाचा पाऊस. खोके ओसरीवर ओढून घेतले जातात.)

परवा संध्याकाळी वळीव झाला. खोके वाचवले, खडू धुऊन गेला. तीन महिन्यांच्या रेघा दहा मिनिटांत गटारात.

काल सकाळी उठून बघते, तर आई वृंदावनाशेजारची गेरूची वाटी घेऊन फरशीवर बसलेली. टेप नाही, वही नाही. दार, ओटा, तिचा बाक, मधली वाट. वितीनं मोजत सगळं परत काढत होती. मी वही आणून ताडून बघितलं. बाक बरोबर होता, वाट बरोबर होती. ओट्याची रेघ मात्र दाराकडं दोन इंच सरकलेली.

"चुकलं गं आई इथं."

"चुकलं न्हाई. माझ्या उशाला पाण्याची बाटली कुठं ठेवू मी?"

तिनं हात गेरूचे तसेच ठेवून आत हाक मारली.

"अहो, टेप आणा जरा."