अकराव्या तासाचे मजूर

श्रोतेहो, नमस्कार.

आज मत्तयाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय उघडू या. पहिल्या सोळा वचनांत द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला आहे. देवाची कृपा कशी असते हे प्रभू येशूने इथे मजुरीच्या हिशेबातून सांगितले आहे, म्हणून आपणही आधी हिशेबच नीट मांडू.

त्या काळी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या वेळेचे बारा तास धरत. मळ्याचा धनी भल्या पहाटे बाजारात जातो आणि एक दिनार रोज ठरवून मजूर आणतो. दिनार म्हणजे चांदीचे रोमन नाणे, वजनाला चार ग्रॅमच्या जरा आत. साध्या मजुराचा तो एका दिवसाचा रोज. तिसऱ्या तासाला, म्हणजे नऊच्या सुमारास, धनी पुन्हा बाजारात जातो. मग बाराला, मग तीनला. आणि शेवटी अकराव्या तासाला, म्हणजे पाचच्या सुमारास, दिवस मावळायला जेमतेम तास उरलेला असताना.

आता बोली कशी झाली ते पाहा, कारण घाईने वाचताना हे निसटते. पहाटेच्या मजुरांशी पक्का करार आहे, एक दिनार. नऊ वाजताच्यांना आकडा सांगितलेला नाही, फक्त ‘जे योग्य ते देईन’ एवढा शब्द आहे. पाच वाजताच्यांना, जुन्यात जुन्या हस्तलिखितांनुसार, पैशाबद्दल एक अक्षरही सांगितलेले नाही. नुसते, ‘तुम्हीही मळ्यात जा.’ जो जितका उशिरा आला, त्याच्या हातात करार तितका कमी आणि धन्याचा स्वभाव तितका जास्त.

दुसरी गोष्ट. या धन्याकडे कारभारी आहे, पण तो आपल्याला भेटतो थेट संध्याकाळी, मजुरी वाटताना. बाजाराच्या पाचही खेपा धन्याने स्वतः केल्या आहेत. पाऊस येईल, द्राक्षे खराब होतील, असे काही कारण दाखल्यात नाही. दिसते ते इतकेच की माणसे रिकामी उभी आहेत आणि ते त्याला पाहवत नाही. ‘सगळा दिवस इथे रिकामे का उभे राहिलात?’ असे तो विचारतो. उत्तर येते, ‘आम्हाला कोणी कामावर लावले नाही.’ आपल्याकडच्या मजूर नाक्यावर सकाळी डबा घेऊन उभा राहिलेला माणूस दुपारी तसाच परत फिरतो, त्याला या वाक्याचा अर्थ सांगावा लागत नाही. मुकादम धडधाकट माणसे आधी उचलतो. उरतात ते म्हातारे, अशक्त, अनोळखी. ते आळशी होते असे म्हणायला दाखल्यात आधार नाही.

संध्याकाळ झाली. मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी द्यावी, असा नियम जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात आहे, कारण गरिबाचा जीव त्या मजुरीत गुंतलेला असतो. आता पाचच्या मजुराचे किती झाले? बारातला एक भाग. यहुदी चलनात दिनाराच्या बाराव्या हिश्शाला पुंदियोन म्हणत. इसवी सन २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी नियमसंग्रहामध्ये, गावोगाव फिरणाऱ्या गरिबाला निदान एका पुंदियोनची भाकरी द्यावी, असे सांगितले आहे. म्हणजे चोख हिशेब केला असता, तर त्या माणसाच्या हातावर भिक्षेकऱ्याची एक भाकरी पडली असती. घरी बायकोमुले वाट पाहत असतील, त्यांचे काय? धन्याने त्याला पुरा दिनार दिला. त्याच्या कामाची किंमत तेवढी नव्हती, पण घर चालायला तेवढेच लागत होते.

आणि वाटप शेवटच्यापासून सुरू करायला सांगितले. पहाटेच्यांना आधी दिले असते, तर ते दिनार खिशात घालून आनंदाने घरी गेले असते आणि दाखला तिथेच संपला असता. त्यांना हे पाहायला लावले आहे. त्यांची कुरकुर काय आहे ती शब्दशः ऐका. ‘आम्हाला कमी दिले’ असे ते म्हणत नाहीत, म्हणू शकतही नाहीत. ते म्हणतात, ‘तुम्ही यांना आमच्या बरोबरीचे केले.’ दुखते आहे ते इथे.

अशीच एक गोष्ट यरुशलेम तालमूद या यहुदी धर्मग्रंथातही आहे. तिथे राजाचा एक मजूर दोनच तास काम करून पुरी मजुरी घेतो, पण राजा बाकीच्या मजुरांना सांगतो की याने दोन तासांत जे केले ते तुम्ही दिवसभरात केले नाही. ती गोष्ट एका तरुणपणी वारलेल्या विद्वान रब्बीच्या गौरवासाठी सांगितलेली आहे आणि त्या जागी ती सुंदर आहे. येशूच्या दाखल्यात मात्र शेवटच्या मजुराच्या बाजूने असे काहीच कारण नाही. त्यावरून ‘यहुद्यांचा देव हिशेबाचा, ख्रिस्ताचा देव कृपेचा’ असा भेद काढणे मात्र साफ चूक. हा देश तुमच्या नीतिमत्त्वामुळे मिळत नाही, हे इस्राएलला अनुवादाच्या नवव्या अध्यायातच बजावले आहे.

‘कृपेने मिळते तर काम कशाला?’ हा प्रश्न नेहमी येतो. पण पाचचा मजूरसुद्धा मळ्यात गेला, बाजारात बसून राहिला नाही. इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय लोक नवव्या वचनाशी थांबवतात. दहावेही वाचावे. तारण कर्मांमुळे नाही, पण सत्कर्मांसाठी आहे.

याहून जास्त माणसे दुसऱ्याच जागी अडकतात. ‘इतकी वर्षे उपासनेला गेलो नाही, आता कोणत्या तोंडाने जाऊ? आधी थोडा सुधारतो, मग येतो.’ असे म्हणणारा स्वतःचा बारावा हिस्सा मोजत असतो. त्याला आमचे मनापासून सांगणे आहे की मागची थकबाकी भरायची नाही. या रविवारी जा, शेवटच्या बाकावर बसा, प्रार्थनेचे शब्द आठवत नसतील तर ‘प्रभू, मी आलो आहे’ एवढे पुरे. आणि जे पहिल्या बाकावर तीस वर्षे बसत आले आहेत, त्यांनी त्याला ‘इतके दिवस कुठे होतात?’ असे विचारू नये. नाव विचारा, गाण्याचे पुस्तक उघडून हातात द्या.

दाखला एकटा वाचू नका. एकोणिसाव्या अध्यायाच्या सत्ताविसाव्या वचनापासून विसाव्याच्या अठ्ठाविसाव्यापर्यंत एका बैठकीत वाचा, दहा मिनिटेही लागत नाहीत. आधी येशूचा शिष्य पेत्र विचारतो, ‘आम्ही सर्व सोडून आपल्यामागे आलो, तर आम्हाला काय मिळणार?’ दाखला हे त्याचे उत्तर आहे. तो सांगून होतो न होतो तोच जब्दीच्या मुलांची, म्हणजे याकोब आणि योहान या शिष्यांची, आई पुढे येते आणि मागते, राज्यात माझा एक मुलगा तुमच्या उजवीकडे, एक डावीकडे बसू द्या. येशू म्हणतो, त्या जागा देणे माझ्या हाती नाही.

मग सत्ताविसावा अध्याय येतो. येशू वधस्तंभावर आहे, त्याच्या उजवीकडे एक लुटारू, डावीकडे एक. लूक सांगतो की त्यांतला एक म्हणाला, ‘येशू, आपण आपल्या राज्यात याल तेव्हा माझी आठवण करा.’ त्याला उत्तर मिळाले, ‘तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील.’