ऐकलेलं आणि भरलेलं
(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, पत्रिकेवर विषय छापलाय तो ‘काँटेस्टमधल्या निरोपांसाठी सॉफ्टवेअरचा वापर’. काँटेस्ट म्हणजे आपली हौशी रेडिओची स्पर्धा, ठरलेल्या वेळात जास्तीत जास्त स्टेशनांशी संपर्क साधायची. लॉगर, म्हणजे संपर्क नोंदवणारा प्रोग्रॅम, कसा बसवायचा, रेडिओला केबल कोणती लागते, मॅक्रो, म्हणजे एका कळीवर जाणारे तयार निरोप, कसे लिहायचे, हे इथल्या बहुतेकांना पाठ आहे. त्यात मी वेळ घालवणार नाही. मला सांगायचंय ते एवढंच, की पडद्यावर दिसणारं अक्षर हवेतून आलंय की फाइलमधून, हे ऑपरेटरला प्रत्येक वेळी कळलं पाहिजे. शेवटी तीन मागण्या मांडणार आहे. पण त्याआधी थोडं मागे जावं लागेल, कारण काँटेस्टचं एक्स्चेंज, म्हणजे संपर्कात दोघांनी एकमेकांना द्यायची ठरलेली माहिती, हे नेमकं काय आहे, हेच आपण विसरत चाललोय.

१९१४ साली हार्टफर्डच्या हायरम पर्सी मॅक्सिम यांना स्प्रिंगफील्डला एक निरोप धाडायचा होता. अंतर काही फार नव्हतं, पण त्यांचा स्पार्क ट्रान्समीटर तिथवर पोचेना. वाटेत विंडसर लॉक्सला एक हौशी ऑपरेटर होता. त्याने निरोप घेतला आणि पुढे दिला. त्यातूनच त्या वर्षी अमेरिकन रेडिओ रिले लीग उभी राहिली. निरोप घ्यायचा, जसाच्या तसा उतरवायचा आणि पुढे द्यायचा, हा हौशी रेडिओचा पहिला उद्योग. मधल्या माणसाने आपल्या मनाने एक आकडा बदलला, तर निरोप मेला.

या लीगची स्वीपस्टेक्स स्पर्धा १९३० मध्ये सुरू झाली. तिचं एक्स्चेंज आजही लांबलचक आहे: संपर्काचा सीरिअल नंबर, प्रिसिडन्स (स्पर्धेतला गट), स्वतःचा कॉलसाइन (परवान्यावरचं सांकेतिक नाव), चेक आणि सेक्शन (लीगचा विभाग). हा सगळा साचा रेडिओग्रामच्या, म्हणजे रेडिओवरून धाडायच्या लेखी निरोपाच्या, मथळ्यावरून घेतलेला. रेडिओग्राममध्ये चेक म्हणजे मजकुरातल्या शब्दांची संख्या. स्पर्धेत त्या जागी ऑपरेटरला परवाना मिळाला त्या वर्षाचे शेवटचे दोन आकडे आले. आता गंमत बघा. परवान्याचं वर्ष आयुष्यभर बदलत नाही. सेक्शन सहसा बदलत नाही. म्हणजे पाचांतल्या बहुतेक गोष्टी गेल्या वर्षीच्या लॉगवरून उचलता येतात. कुठल्याच फाइलमध्ये नसतो तो फक्त सीरिअल नंबर. तो त्या क्षणी कानानेच घ्यावा लागतो.

इथून माझी खरी तक्रार सुरू होते आणि ती जरा लांब चालणार आहे.

कॉल हिस्टरी फाइल तुम्ही सगळे वापरता. कॉलसाइन टाइप केला की लॉगर मागच्या स्पर्धांच्या नोंदींवरून एक्स्चेंजचा रकाना भरून टाकतो. सीक्यू वर्ल्ड वाइड स्पर्धेत तर फाइलही लागत नाही. तिथे एक्स्चेंज म्हणजे रिपोर्ट (सिग्नल कसा ऐकू येतो त्याचे आकडे) आणि झोन (जगाचा विभाग). रिपोर्ट कायमच ५९ किंवा ५९९, आणि ४० झोनांपैकी कोणता, हे लॉगर कॉलसाइनच्या सुरुवातीवरून ठरवतो. पण अमेरिकेत झोन ३, ४ आणि ५ असे तीन आहेत. डब्ल्यू६ने सुरू होणारा कॉलसाइन मूळचा पश्चिम किनाऱ्याचा, म्हणून लॉगर ३ लिहून मोकळा होतो. तो माणूस मात्र केव्हाच पूर्व किनाऱ्यावर राहायला गेलेला असतो आणि ओरडून सांगत असतो, झोन ५, झोन ५. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ३ लिहिलेला असतो. डोळे जिंकतात, कान हरतात.

माझ्याच बाबतीत घडलेलं सांगतो. एका वर्षी मी स्पर्धेसाठी दुसऱ्या झोनमधून हवेत होतो. कॉलसाइन नियमाप्रमाणेच होता, फक्त झोन नेहमीचा नव्हता. फोनवरची, म्हणजे आवाजाची, स्पर्धा, बँड चांगला उघडलेला. एक मोठं स्टेशन पाइलअपमधून, म्हणजे एकदम हाका मारणाऱ्यांच्या गर्दीतून, मला उचलतं. मी रिपोर्ट आणि झोन देतो. क्षणभर शांतता. मग तो म्हणतो, झोन पुन्हा सांगा. मी पुन्हा सांगतो. सिग्नल उत्तम, मागे कसलाही गोंगाट नाही. तेव्हा तो काय म्हणावा? ‘तुमचा झोन चुकतोय, माझ्या पडद्यावर वेगळा आहे.’ अहो, मी कुठे बसलोय हे मला विचारायचं की पडद्याला? मी तिसऱ्यांदा सांगितला, त्याने धन्यवाद दिले आणि पुढच्याला बोलावलं. त्याने शेवटी काय लिहिलं हे मला माहीत नाही. पण तो निदान थांबला तरी! बाकीचे विचारतच नव्हते. ५९, धन्यवाद, पुढचा. त्यांचे रकाने मी बोलायच्या आधीच भरलेले होते. मग मी बोललो कशाला?

हे मला मनापासून लागतं. मी ट्रान्समिट केलं, अँटेना फिरवली, सिग्नल आयनोस्फिअरवरून उड्या मारत तिकडे पोचला, आणि तिथे तो कोणी घेतलाच नाही. अशा नोंदीला मी क्यूएसओ, म्हणजे संपर्क, म्हणत नाही.

याचंच दुसरं रूप सुपर चेक पार्शल. मास्टर फाइलमध्ये नियमित भाग घेणाऱ्यांचे हजारो कॉलसाइन असतात. तुम्ही तीन अक्षरं ऐकता आणि लॉगर जुळणारे सगळे समोर मांडतो. मदत मोठी आहे, मीही घेतो. पण नव्या परवानाधारकाचा विचार करा. त्याचा कॉलसाइन त्या फाइलमध्ये असणारच नाही. तो पहिल्यांदा स्पर्धेत उतरतो, शंभर वॅट आणि साधा डायपोल अँटेना घेऊन. समोरचा अनुभवी ऑपरेटर त्याचा कॉलसाइन बरोबर ऐकतो, यादीत सापडत नाही म्हणून स्वतःवरच शंका घेतो आणि एका अक्षराने वेगळा असलेला ओळखीचा कॉलसाइन लिहितो. नव्या पोराचा संपर्क समोरच्या लॉगमध्ये नाही, म्हणून तपासणीत त्याला ‘नॉट इन लॉग’ची शिक्षा होऊ शकते. चूक नसताना! आपल्या छंदात नवी माणसं येत नाहीत म्हणून आपण हळहळतो, आणि आलेल्याचं नाव असं पुसून टाकतो.

यंत्राच्या मदतीला माझा विरोध नाही. आरटीटीवायमध्ये, म्हणजे रेडिओ टेलिटाइपमध्ये, तर यंत्राशिवाय गतीच नाही. ४५.४५ बॉडचा तो किलबिलाट कोण कानाने वाचणार? पण यंत्र कसं चुकतं, हे माहीत असलं पाहिजे. त्याच्या बॉडो कोडमध्ये अक्षरामागे पाचच बिट, म्हणून अक्षरं आणि आकडे यांना तेच संकेत, आणि मध्ये बदलणारी एक शिफ्ट. शिफ्टचा संकेत फेडिंगमध्ये, म्हणजे सिग्नल मध्येच क्षीण झाल्यावर, हरवला की ५९९च्या जागी पडद्यावर टी-ओ-ओ उमटतं, कारण टाइपरायटरच्या वरच्या ओळीत टीच्या जागी ५ आणि ओच्या जागी ९ येतो. मुरलेला ऑपरेटर ‘टीओओ’ वाचतो आणि ५९९ समजतो. इथे त्याने अंदाज केलेला नाही. जे हवेतून आलं तेच त्याने वाचलंय. याच कारणाने बरेच जण आकड्यांच्या मध्ये स्पेसऐवजी आडवी रेघ पाठवतात. स्पेस आली की पुष्कळ डिकोडर आपोआप अक्षरांकडे वळतात, रेघेला वळत नाहीत.

सॉफ्टवेअर किती छान मदत करू शकतं, हे बघायचं असेल तर वर्क्ड ऑल युरोप स्पर्धेत उतरा. जर्मनीचा हौशी रेडिओ क्लब डीएआरसी ती भरवतो. तिथे नेहमीच्या संपर्काबरोबर क्यूटीसी असतात. मोर्स आणि फोनमध्ये युरोपबाहेरचं स्टेशन युरोपातल्या स्टेशनाला आपले आधीचे संपर्क कळवतं: वेळ, कॉलसाइन, मिळालेला सीरिअल नंबर. एका स्टेशनाला जास्तीत जास्त दहा. प्रत्येकाला संपर्काइतकाच, म्हणजे एक गुण. तिसऱ्या मालिकेत सात निरोप असतील तर ‘क्यूटीसी ३/७’ म्हणायचं, समोरचा तयार आहे का विचारायचं आणि सुरू करायचं.

यात हिशेब किती आहे बघा. एक संपर्क एकदाच कळवता येतो. ज्याच्याशी झाला त्यालाच परत कळवता येत नाही. या स्टेशनाला आधी किती दिले, दहात किती उरले, हेही सांभाळायचं. पूर्वी हे कागदावर खुणा करून चालायचं. आता एन१एमएम लॉगरसारख्या प्रोग्रॅममध्ये एक खिडकी उघडते, कोणते संपर्क द्यायचे ते तोच निवडतो आणि मोर्समध्ये ओळीमागून ओळ पाठवतोही. घेणाऱ्याच्या खिडकीत दहा रिकाम्या ओळी असतात. चौथी ओळ नीट आली नाही तर तेवढीच परत मागायची. त्या ओळी रिकाम्या असतात, हे मी मुद्दाम सांगतोय. तिसऱ्याच कोणाचा तरी नंबर आणि मिनिटाची वेळ, हे कुठली फाइल आधी भरणार? म्हणून ही स्पर्धा मला इतकी आवडते. विंडसर लॉक्सचा ऑपरेटर आज असता, तर पहिल्या मिनिटात रुळला असता.

समोरून घड्याळ दाखवलं जातंय. एफटी८ या संगणकी संदेशपद्धतीवर बोलायचं राहिलंच, तेव्हा थोडक्यात. जो टेलर यांना १९९३ मध्ये पल्सरच्या कामासाठी भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी आणि स्टीव्ह फ्रँके यांनी २०१७ मध्ये एफटी८ आणलं, १५ सेकंदांच्या पाळ्यांचं. २०१९ मध्ये खास स्पर्धांसाठी साडेसात सेकंदांचं एफटी४ आलं. एका वेळचा निरोप ७७ बिटांचा. लोक म्हणतात, इथे सगळं यंत्रच करतं. पण त्यासाठीच्या डब्ल्यूएसजेटी-एक्स प्रोग्रॅममधली एक गोष्ट तुम्ही पाहिली असेल. सिग्नल फारच क्षीण असला, की डिकोडर आधीच माहीत असलेल्या गोष्टींचा आधार घेतो, जसा तुमचा स्वतःचा कॉलसाइन किंवा ज्याच्याशी संपर्क चाललाय त्याचा. म्हणजे तोही फाइलमधलंच वापरतो म्हणा. मात्र तसं केलं की ओळीच्या टोकाला एक छोटा ‘ए’ आणि आकडा लिहितो, आणि खात्री कमी असली तर प्रश्नचिन्ह टाकतो. कुठे आधार घेतला, हे तो सांगतो. ज्याला सगळे यंत्राचा खेळ म्हणून नावं ठेवतात, त्या प्रोग्रॅममध्ये हा प्रामाणिकपणा आहे आणि आपल्या कानाच्या लॉगरमध्ये नाही.

आता मागण्या, भरभर. पहिली, लॉगर लिहिणाऱ्यांकडे: आधीच भरलेला रकाना वेगळ्या रंगात दिसू द्या आणि ऑपरेटरने त्याला हात लावल्याशिवाय नोंद पक्की होऊ देऊ नका. प्रत्येक संपर्कामागे एक कळ जास्त दाबावी लागेल. दाबू.

दुसरी, पाठवणं पूर्णपणे यंत्रावर सोपवा. मोर्सचे मॅक्रो, आवाजाचा कीअर (रेकॉर्ड केलेला आवाज पाठवणारा), सीरिअल नंबर, क्यूटीसीची निवड, सगळं. पाठवताना यंत्र आपल्याहून कमी चुकतं आणि कान घ्यायला मोकळे राहतात.

तिसरी आपल्या सगळ्यांकडे. ऐकू आलं नाही तर विचारा. ‘नंबर पुन्हा’ आणि ‘झोन पुन्हा’ यांना एकेक कळ द्या, बोट सहज पोचेल अशी. स्पर्धा संपल्यावर फाइली धुंडाळून लॉग दुरुस्त करू नका, सीक्यू वर्ल्ड वाइडच्या नियमांनी तर तसं करायला मनाईच आहे. आणि यादीत नसलेला कॉलसाइन दोनदा सारखाच ऐकू आला, तर ऐकला तसाच लिहा.